शंभरचा बल्ब आणि पन्नास पिल्लं



या वेळी सदराची सुरुवात कबुलीने करावी लागते आहे. गेल्या वर्षी याच पानावर आम्ही लिहिलं होतं की घरातले जुने पिवळे बल्ब सगळेच्या सगळे काढून टाका, त्यांत विजेची नुसती नासाडी आहे. 'सगळेच्या सगळे' हे शब्द आमचेच. ते वाचून आमच्याच गल्लीतल्या एका घरात बल्ब बदलले गेले आणि एका रात्रीत पन्नासातली एकतीस पिल्लं गेली.

शेजारच्या खाला शिवणकाम करतात आणि परसात कोंबड्या पाळतात. खालूजानच्या इंतकालनंतर घर याच दोन गोष्टींवर चाललं आहे. दर हिवाळ्याला त्या एक दिवसाची पन्नास गावरान पिल्लं आणतात. मागच्या पडवीला पत्रा आहे, तीन बाजूंनी गोणपाट बांधलेलं, खाली भाताचं तूस पसरलेलं, आणि वर आढ्याला दोन शंभरचे बल्ब लोंबकळत सोडलेले. सहा-सात वर्षं हेच चाललं होतं. यंदा त्यांच्या बारावीतल्या मुलाने आमचा लेख वाचला, सांगलीहून १२ वॉटचे दोन एलईडी बल्ब आणले आणि अम्मीला सांगितलं, दोनशे वॉटच्या जागी चोवीस वॉट, उजेड तितकाच. खोक्यावर '१०० वॉटच्या बल्बला पर्याय' असं छापलेलंही होतं. पोराची काही चूक नव्हती.

डिसेंबरातली थंडी. आपल्याकडची रात्र दिवसाच्या उन्हाकडे बघून ओळखता येत नाही. दुपारी सदरा काढावासा वाटतो आणि पहाटे फजरच्या वुजूला हात आखडतात. सकाळी खाला पाटी घेऊन दारात उभ्या. पाटीवर ओढणी. आम्हाला वाटलं अंडी आणली. ओढणी बाजूला केली आणि त्या एकच वाक्य बोलल्या, "उजाला तो जास्तीच था बेटा, फिर पिल्ले मरे कैसे?"

त्या क्षणी आम्हाला उत्तर ठाऊक होतं आणि तेच जड गेलं. दहावीच्या वर्गात विद्युतधारेचे परिणाम हा धडा वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं आम्ही. बल्ब तापतो ही गोष्ट लिहिताना आम्ही 'तोटा' या रकान्यात टाकली होती. खालांच्या पडवीत तोच नफा होता.

तेव्हा वॉट म्हणजे काय, हे पुन्हा मुळापासून पाहू.

बल्बवर जो आकडा असतो तो उजेडाचा नाही. एका सेकंदाला तो वीज किती खातो याचा तो आकडा आहे. गाडी किती लिटर पेट्रोल पिते यावरून ती किती पळते ते कळत नाही. एक गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते, दुसरी साठ. बल्बचं तसंच. उजेडाचं माप वेगळं आहे, त्याला ल्यूमेन म्हणतात. एका मेणबत्तीचा सगळ्या बाजूंना मिळून जो उजेड पडतो तो सुमारे १२ ल्यूमेन. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन देतो, शंभरचा तेराशेच्या आसपास. आजचा बरा ९ वॉटचा एलईडी ९०० ल्यूमेन देतो. म्हणजे जुन्या बल्बला एका वॉटमागे बारा-तेरा ल्यूमेन, एलईडीला शंभर. दुकानात 'किती वॉटचा देऊ?' असं विचारतात, त्यावर आपण 'किती ल्यूमेनचा आहे?' असा उलटा प्रश्न करावा. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात ते छापलेलं असतं.

आता खाल्लेल्या विजेतलं बाकीचं जातं कुठे? जुन्या बल्बच्या शंभर वॉटांतले जेमतेम पाच-दहा वॉट डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात उतरतात. बाकी सगळी उष्णता. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी नुसतं तापतं, मग लालबुंद होतं, मग पिवळं, आणि फारच तापवलं तर पांढुरकं. बल्बमधली टंगस्टनची तार म्हणजे काचेत बंद केलेली तीच भट्टी. ती तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. इतकं तापूनही तिच्यातून निघणाऱ्या किरणांतला बहुतेक भाग अवरक्त असतो, म्हणजे कातडीला ऊब लागते पण डोळ्याला दिसत नाही असा. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, म्हणून त्याचा उजेड पांढरा. तारेला तितकं तापवता आलं असतं तर जुना बल्बही पुष्कळ बरा निघाला असता. पण टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, आणि त्याच्या किती तरी आधी झिजू लागतो. जुन्या बल्बची काच आतून काळवंडते ती या झिजलेल्या टंगस्टनमुळे.

एलईडीचा रस्ताच वेगळा. त्यात काही तापवून उजेड काढत नाहीत. अर्धवाहकाच्या बारीक तुकड्यातून वीज गेली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतात आणि मधली ऊर्जा थेट प्रकाश होऊन बाहेर पडते. लाल आणि हिरवे असे दिवे १९६० च्या दशकापासून होते, निळा जमत नव्हता. तो जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी जमवला. निळ्यावर पिवळ्या पावडरीचा लेप दिला की पांढरा दिसणारा उजेड मिळतो. त्यासाठी या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली, ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे तिच्यातून वाटले गेले, आणि दिव्याची किंमत काही वर्षांत शेकड्यांवरून दहांवर आली. ही मोठी गोष्ट आहे. आम्ही गेल्या वर्षी लिहिलं ते या भरात लिहिलं.

एलईडी तापत नाही असं मात्र नाही. त्याच्या नऊ वॉटांतले पाच-सहा वॉट उष्णतेतच जातात. पण ती उष्णता मागच्या बाजूला, बुडाशी साठते आणि वरच्या हवेत जाते. उजेड पडतो त्या दिशेला ऊब जवळजवळ नसते. जळत्या जुन्या बल्बखाली हात धरला तर तळवा शेकतो, एलईडीखाली काहीच जाणवत नाही. खालांच्या पडवीत शंभराचे दोन बल्ब पिल्लांवर वरून ऊन पाडत होते. एका रात्रीत ते ऊन गेलं आणि राहिलं ते नुसतं चांदणं. पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, लव असते. स्वतःची ऊब राखायला त्याला तीनेक आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीशी सुमारे ३५ अंश हवेत, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत न्यायचे. गारठलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात. खालची गुदमरून मरतात, वरची थंडीने. पाटीतली बरीचशी पिल्लं चपटी झालेली होती, ती यामुळे. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तिथे वेलीची जी काळजी, ती इथे पिल्लांची घ्यायला हवी होती, आणि आमच्या लेखाने ती काढून घेतली.

हिशेब करायचा तर तोही करू, कारण बचतीच्या नावाखालीच हे झालं. दोनशे वॉट रोज बारा तास म्हणजे २४०० वॉट-तास. हजार वॉट-तासांचा एक युनिट, तेव्हा रात्रीचे २.४ युनिट. एकवीस रात्रींचे साधारण ५० युनिट. दर पावसाळी ढगांसारखे बदलतात, म्हणून हिशेबापुरते युनिटला ८ रुपये धरू, झाले ४०० रुपये. एलईडीचे चोवीस वॉट तितकेच तास जळले तर सहा युनिट, ४८ रुपये. वाचले साडेतीनशे. एकतीस पिल्लं उन्हाळ्यापर्यंत अंड्यावर आली असती तर त्यांच्या अंड्यांनी हा आकडा एका आठवड्यात मागे टाकला असता. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच चढा दर असतो. ज्यांचं बिल ऐंशी-नव्वदवर थांबतं त्यांना हिवाळ्यातले हे पन्नास युनिट वरच्या टप्प्यात ढकलतात. म्हणून घरातल्या इतर खोल्यांतले बल्ब खरोखरच बदलावेत आणि ती बचत पडवीला द्यावी. खालांच्या घरी आता तसंच केलं आहे.

पिल्लांना ऊब पुरते की नाही हे बघायला थर्मामीटर लागत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब पळून चोची उघड्या टाकून बसली असतील तर उकडतं आहे. सगळीकडे पांगून, कुणी दाणे टिपतंय, कुणी पाय पसरून झोपलंय, असं दिसलं की बेत बरोबर जमला. बल्ब खालीवर करून हे साधता येतं. कोळशाची शेगडी बंद पडवीत ठेवू नका. तिच्या धुराविना येणाऱ्या विषारी वायूने पिल्लंही जातात आणि शेजारी झोपलेली माणसंही.

इथे आणखी एक सांगणं आहे, आणि ते आधीच्याइतकंच गंभीर. जो बल्ब ऊब देतो तो आगही लावतो. शंभरच्या बल्बची काच दीडशे अंशांच्या वर सहज जाते. तूस, गोणपाट, कागद तिला चिकटून राहिले तर आधी करपतात, मग धुमसतात. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नये, साखळीने टांगावा, खाली किमान दीड फूट मोकळं सोडावं आणि भोवती जाळी असावी. रात्री झोपताना दिवे विझवा, उंदीर वात ओढून नेईल आणि घर पेटेल, अशी ताकीद हदीसमध्ये आली आहे हे आपण लहानपणी मदरशात ऐकलेलं असतं. आम्हाला तेव्हा त्यातल्या उंदराची गंमत वाटायची. पडवीतल्या गोणपाटाला तपकिरी डाग पडलेला पाहिला तेव्हा वाटली नाही. खालांचे बल्ब सहा-सात वर्षं लोंबकळत होते, ही अल्लाहची मेहरबानी.

शाळेत आम्ही एक प्रयोग दरवर्षी करतो आणि पोरं दरवर्षी हरतात. एक शंभरचा आणि एक चाळीसचा बल्ब एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर जोडणीत लावायचे. बटण दाबण्याआधी विचारायचं, जास्त कोण उजळेल? सगळा वर्ग शंभरवर पैज लावतो. बटण दाबलं की चाळीसचा चांगला पेटतो आणि शंभरच्या तारेत विस्तवासारखी लाली दिसते न दिसते. शंभरच्या बल्बची तार जाड, तिचा विरोध २३० व्होल्टला सुमारे ५२९ ओहम. चाळीसची तार बारीक, तिचा १३२२. एकाच तारेतून सारखीच वीज जाताना जिथे विरोध जास्त तिथे ताप जास्त. याचा अर्थ 'शंभर वॉट' हा बल्बचा जन्मजात गुण नाही. पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर तो शंभर वॉट खाईल, एवढंच त्यावर लिहिलेलं आहे. वायरमन लोक दुरुस्तीच्या टेबलावर हाच बल्ब एकसर लावून ठेवतात. आत कुठे तारा चिकटल्या असल्या तर फ्यूज उडण्याऐवजी बल्ब भगभगतो.

आपल्या वाड्या-वस्त्यांवर पूर्ण २३० व्होल्ट किती वेळा मिळतात ते वाचकांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी बागेच्या मोटारी सुरू झाल्या की दाब खाली येतो. पाच अश्वशक्तीची एक मोटार म्हणजे ३७३० वॉट, साठ वॉटचे बासष्ट बल्ब एकदम. दाब १८० वर आला तर जुन्या बल्बचा उजेड निम्म्याच्याही खाली जातो, पण तो वीज मात्र दोन-तृतीयांश खातच राहतो. म्हणजे अशा वेळी तो आणखीच वाईट दिवा होतो आणि त्या मानाने बरी शेगडी. एलईडीच्या बुडात एक छोटं सर्किट असतं, ते दाब कमी झाला तरी उजेड जवळपास तोच ठेवतं. वस्तीवर राहणाऱ्यांना एलईडीचा सर्वांत मोठा फायदा बिलापेक्षा हाच वाटतो, असं आमचे विद्यार्थी सांगतात. मात्र वस्तीवर पिल्लं असतील तर शंभरच्या बल्बकडून शंभर वॉटांची ऊब धरून चालू नये. दाब उतरेल त्या रात्री तिथे सदुसष्टच्याच आसपास मिळतील. एक बल्ब जादा टांगलेला बरा.

हे सगळं सुरू असताना मशिदीतही बल्बचाच विषय निघाला. रमजान थंडी उतरताना किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर येतो आहे, तरावीहला गर्दी होते, आणि जमातीतल्या काही लोकांचं म्हणणं की जुन्या ट्यूबमुळे आत उकडतं, एलईडी लावा म्हणजे गारवा येईल. मुतवल्ली साहेबांनी आम्हाला हिशेब मांडायला सांगितला. २४ ट्यूब, प्रत्येकी ४० वॉटच्या, वर चोक दहा-बारा वॉट खातो, म्हणजे एकूण साडेबाराशे वॉट. त्या जागी २० वॉटच्या एलईडी ट्यूब लावल्या तर ४८०. दिवसाला सहा तास धरले तर महिन्याला १३५ युनिटच्या वर बचत, आणि पैसा चंद्याचा, म्हणून बदल करावाच. गारव्याचं काय? खोलीत खाल्लेली प्रत्येक वॉट वीज शेवटी उष्णताच होते. उजेडसुद्धा भिंतीवर, चटईवर पडून शोषला गेला की तो तिथे ऊब होऊनच राहतो. तेव्हा पावणेआठशे वॉटची गर्मी खरोखर कमी होईल. पण स्वस्थ बसलेला एक मोठा माणूस स्वतः सुमारे १०० वॉट उष्णता टाकत असतो. तीनशे नमाजी म्हणजे ३०,००० वॉट. ट्यूब बदलून होणारा गारवा सात-आठ नमाजी कमी आल्याइतका. हे ऐकून एक बुजुर्ग म्हणाले, "म्हणजे गर्मीवर इलाज एकच, लोकांनी येऊ नये?" सगळे हसले. शेवटी ट्यूब बदलायच्या ठरल्या आणि वाचलेल्या पैशांतून मागच्या बाजूच्या दोन खिडक्यांना जाळ्या बसवून त्या उघड्या ठेवायचं ठरलं. हवा खेळती राहिली तरच तीस हजार वॉट बाहेर जातील. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ खाजगी बोलणं निघालं की सरकारी तेलाचा दिवा विझवत, असं सांगतात. तो किस्सा बैठकीत कोणी तरी सांगितलाच. आम्ही एवढंच म्हटलं की जुम्म्याची नमाज संपल्यावर दुपारी दोन वाजता चोवीस ट्यूब कोणासाठी चालू असतात तेही एकदा पाहावं.

बदलल्यावर तक्रार आली ती उजेडाच्या रंगाची. म्हाताऱ्या माणसांना निळसर पांढरा उजेड बोचतो. हा रंगही खोक्यावर लिहिलेला असतो. २७०० किंवा ३००० के म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० के म्हणजे भर दुपारच्या ढगाळ आभाळासारखा. आकडा जितका मोठा तितका उजेड 'थंड' दिसतो. त्याचा वॉटशी आणि खऱ्या उष्णतेशी काही संबंध नाही.

रंगाचा विषय तासगावात पोटाशी जोडलेला आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका हंगामात बेदाणा निवडायला जातात. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा, काडी-देठ वेगळं. हिरव्या आणि पिवळ्या बेदाण्याच्या भावात फरक, आणि मजुरी निवडीवर. पिवळ्या बल्बखाली हिरवा बेदाणा पिवळा दिसतो. ही काही नजरेची चूक नाही. जुन्या बल्बच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो. ज्या उजेडात जो रंग नाही, तो रंग वस्तू परत कुठून फेकणार? प्रकाश वस्तूवरून येऊन डोळ्यात शिरतो, डोळ्यातून काही बाहेर जात नाही, हे बसऱ्याच्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी कैरोत बसून 'किताबुल मनाझिर' मध्ये मांडलं. निवडीच्या टेबलावर बसलेल्या बाईला ते हाताने कळतं. ती शंका आली की मूठभर बेदाणा घेऊन दारापाशी उन्हात जाते. स्वस्त एलईडीत उलट गोंधळ होतो, त्यात निळा भरपूर आणि लाल कमी. खोक्यावर सीआरआय असा आकडा असतो, तो ८० च्या वर असलेला घ्यावा, निवडीच्या टेबलावर ९० असेल तर उत्तम. ईदच्या कपड्यांनाही हेच लागू. दुकानात जुळलेली ओढणी घरी आल्यावर जुळत नाही, तेव्हा दुकानदाराला बोल लावण्याआधी दोन्ही कपडे रस्त्यावरच्या उजेडात धरून बघायला हवे होते.

शेवटी मुलांच्या अभ्यासाचं. परीक्षा आल्या की पालक विचारतात, 'खोलीत वीसचा लावू का तीसचा?' आम्ही विचारतो, टांगलाय कुठे? दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने कमी होतो. आढ्याला आठ फुटांवर असलेला दिवा वहीपासून दोन फुटांवर आणला तर त्याच बल्बचा सोळा पट उजेड पानावर पडतो. नऊ वॉटचा साधा एलईडी आणि एक जुना टेबल-दिव्याचा सांगाडा, उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूला ठेवलेला, एवढं पुरतं. आमच्या आजोबांच्या पिढीने कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत बनलेल्या प्रभाकर कंदिलावर अभ्यास केला. त्याचा उजेड तसा थोडाच, पण तो पुस्तकाला चिकटून ठेवलेला असायचा. कंदील टेबलावरून हटवून आढ्याला टांगला असता तर त्या पिढीला अक्षर दिसलं नसतं.

खालांकडे परत जायचं तर, उरलेल्या एकोणीस पिल्लांतली सतरा जगली. आम्ही त्यांना नव्या पिल्लांचे पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. मग आम्ही पडवीची वायरिंग करून दिली. आता तिथे साखळीवर जाळीत दोन शंभरचे बल्ब आहेत आणि दाराजवळ पाच वॉटचा एक एलईडी, दाणे टाकताना दिसावं म्हणून. दोघांची बटणं वेगळी आहेत. मुलाने खडूने एकावर 'ऊब' आणि दुसऱ्यावर 'उजेड' लिहिलं आहे. जानेवारीत पन्नास पिल्लं पुन्हा आली. पहिल्या रात्री आम्ही साडेअकराला आणि पुन्हा सहरीच्या सुमारास उठून पडवीत डोकावलो. पिल्लं पांगून झोपलेली होती. खाला आधीच तिथे शाल पांघरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू जा, मैं देखती."